कलेचे करिअर: जोखीम किती, मोबदला किती आणि तोटा कोणी सोसायचा?

अर्धपान (धागाकर्ता)

कलेला पूर्णवेळ व्यवसाय म्हणून स्वीकारावे की नाही, या चर्चेत ठरलेल्या दोन बाजू असतात. एक बाजू यशस्वी कलावंतांची नावे पुढे करते आणि दुसरी उपेक्षेत संपलेल्यांची. दोन्हीकडची उदाहरणे खरी असतात, परंतु निर्णय घेणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याला हवा असतो शक्यतांचा अंदाज, आणि निवडक उदाहरणांवरून तो बांधता येत नाही. या धाग्यात आपण शक्यतो पैशाच्या बाजूवरच बोलावे, अशी विनंती आहे.

अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्येच या प्रश्नाची मांडणी करून ठेवली आहे. मोच्याकडे उमेदवारीला ठेवलेला मुलगा जोडे शिवायला शिकेल, याविषयी फारशी शंका नसते. वकिलीला घातलेल्यांपैकी मात्र वीस जण मागे पडतात तेव्हा एखादाच त्या व्यवसायावर जगण्याइतकी मजल मारतो. म्हणजे ही एक सोडतच झाली. सोडत चोख असेल तर हरणाऱ्यांनी गमावलेले सारे जिंकणाऱ्यांच्या वाट्याला यायला हवे, म्हणजे त्या एकाला मागे पडलेल्या वीस जणांच्या वाटचेही मिळायला हवे. तसे घडत नाही, तरी लोक अशा व्यवसायांकडे ओढले जातात. स्मिथच्या मते त्याची कारणे दोन: नावलौकिकाची ओढ, आणि स्वतःच्या गुणांवर व त्याहून अधिक स्वतःच्या नशिबावर असलेला माणसाचा उपजत विश्वास.

स्मिथच्या काळी गायकाचा आवाज नाट्यगृहाच्या भिंतींपर्यंतच पोहोचत असे. ध्वनिमुद्रणाने ती मर्यादा उठवली आणि स्पर्धेचे गणितच बदलले. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दाखवून दिले की, एकाच कलावंताचे काम नाममात्र जादा खर्चात लाखो लोकांपर्यंत नेता येऊ लागले की गुणवत्तेतील लहानसा फरक उत्पन्नात प्रचंड मोठा होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या गायकाचे ध्वनिमुद्रण थोड्या कमी किमतीत मिळाले, म्हणून श्रोता पहिल्याला सोडत नाही. अशा वाटणीत सरासरी उत्पन्नाचा आकडा दिशाभूल करतो, कारण वरच्या मोजक्या लोकांमुळे सरासरी फुगते आणि रांगेच्या बरोबर मध्यावर असलेल्या कलावंताची कमाई तिच्या बरीच खाली राहते.

माझे मत असे आहे की, "मी यशस्वी होईन का?" हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर कोणापाशीच नसते. त्याऐवजी, यश आले नाही तर त्याची किंमत किती, ती कोण भरणार आणि किती काळ भरणार, हे कागदावर मांडावे. तरुण वयात प्रयत्न करण्याच्या बाजूने एक भक्कम आर्थिक युक्तिवाद आहे: यश मिळाले तर त्याचे फळ पुढची अनेक दशके मिळत राहते, आणि मिळाले नाही तर खर्ची पडतात ती प्रयत्नाची वर्षे. मात्र परतीची वाट उघडी असेल, तरच हा युक्तिवाद टिकतो. प्रयत्नाच्या काळात दुसऱ्या कोणत्याही कामाची पात्रता उरणार नसेल, किंवा डोक्यावर कर्ज चढणार असेल, तर तोच हिशेब अंगावर येतो.

जाणकारांनी भर घालावी.

जमाखर्च

कलावंतांचे हिशेब आणि करविवरणपत्रे पाहणे हा माझ्या कामाचा भाग असल्याने त्या बाजूने लिहिते. कलेतील उत्पन्न कमी असते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. पण ते अनियमित असते, याचे दुष्परिणाम मला अधिक गंभीर वाटतात. कादंबरीकार चार वर्षे लिहितो आणि पैसे एका वर्षात येतात. वाढत्या उत्पन्नावर वाढत्या दराने कर लावणाऱ्या पद्धतीत, तीच रक्कम चार वर्षांत सारखी विभागून मिळवणाऱ्या नोकरदारापेक्षा त्याला अधिक कर भरावा लागतो. काही देशांनी हा अन्याय ओळखलेला आहे. ऑस्ट्रेलियात लेखक, कलावंत आणि खेळाडूंना कर आकारताना उत्पन्नाची अनेक वर्षांची सरासरी धरण्याची सोय आहे, आणि ब्रिटनमध्येही साहित्यिक व कलात्मक निर्मिती करणाऱ्यांना तशी सवलत मागता येते. जिथे अशी तरतूद नाही, तिथे चांगल्या वर्षातील करभार आधीच बाजूला काढून ठेवणे हा एकच उपाय उरतो, आणि बहुतेक जण तो करत नाहीत.

दुसरा धोका अपयशापेक्षा यशातून अधिक उद्भवतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. मागणी वाढली की कलावंत मोठी जागा घेतो, मदतनीस ठेवतो, हप्ते बांधून घेतो. खर्च दरमहा ठरलेला आणि आवक मात्र बेभरवशाची, अशी स्थिती तयार होते. रेम्ब्रांटचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तो उपेक्षित चित्रकार मुळीच नव्हता. १६३९ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, त्याने ॲमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरांना (गिल्डर हे तेव्हाचे डच चलन) घर घेतले आणि किमतीचा मोठा भाग पुढे फेडायचा ठेवला. ती फेड वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. १६५६ मध्ये त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली आणि त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. पुढे १६६० मध्ये त्याची सहचारिणी हेन्ड्रिक्ये आणि मुलगा टायटस यांनी चित्रव्यवसायाची एक भागीदारी उभी केली आणि रेम्ब्रांट तिचा नोकर म्हणून चित्रे काढू लागला, जेणेकरून नव्या चित्रांवर धनकोंचा हात पडू नये. हिशेब पाहणाऱ्या माणसाला ही योजना कलाकृतींइतकीच रोचक वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

यावरून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढेच सांगते की, व्यवसायाचे खाते वेगळे ठेवावे आणि त्यातून स्वतःला दरमहा ठरावीक, बेताचा पगार द्यावा. चांगल्या वर्षी तो वाढवू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कलावंताचे अंथरूण दरवर्षी लांबरुंद किंवा आखूड होत असते, त्यामुळे सर्वांत आखूड वर्ष धरूनच खर्च बांधावे लागतात.

मध्यलय

धागा चांगला आहे, परंतु "कला" हा जणू एकच व्यवसाय आहे असे धरून चर्चा चालली आहे, ते मला पटत नाही. मी वाद्यवृंदात वाजवतो. आमच्याकडे सगळी जोखीम दाराबाहेर असते. एका जागेसाठी मोठ्या संख्येने वादक चाचणीला येतात, आणि अनेक वाद्यवृंदांत पहिली फेरी पडद्याआडून घेतात, म्हणजे परीक्षकांना फक्त वादन ऐकू येते. निवड झाली नाही तर हाती काहीच लागत नाही. निवड झाली तर महिन्याचा पगार, रजा आणि निवृत्तिवेतन असलेली, कार्यालयीन नोकरीसारखीच नोकरी मिळते. एकल वादकाची जोखीम मात्र कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसापर्यंत संपत नाही. पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्याची स्थिती आणखी वेगळी, कारण त्याला लहान लहान कामे अनेक ठिकाणांहून मिळतात आणि एक गिऱ्हाईक गेले म्हणून तो बुडत नाही. त्यामुळे एखाद्या कलेत सरासरी किती मिळते हे विचारण्याआधी, पैसा पगाराने येतो, कामागणिक येतो की विक्रीतील वाट्याने येतो, हे विचारायला हवे.

पगारी नोकऱ्यांच्या बाजूनेही एक सावधगिरीची सूचना. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगजीवी (संगीत, नाटक, नृत्य अशा) कलांच्या अर्थकारणाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष आजही आम्हाला दरवर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीत भेटतो. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो आणि त्यांचे वेतन वाढवणे परवडते. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत होता, तितकाच आजही लागतो. बाकीच्या समाजाबरोबर वादकांचे वेतन वाढवावे तर प्रयोगाचा खर्च तिकिटविक्रीच्या पुढे जातो, आणि न वाढवावे तर वादक टिकत नाहीत. ही तूट अनुदानातून किंवा देणग्यांतून भरली जाते. म्हणजे पगारी कलावंताने बाजाराची जोखीम टाळलेली असली, तरी ती जोखीम नाहीशी झालेली नसते. ती आश्रयदात्याच्या मर्जीकडे सरकलेली असते.

ध्वनिमुद्रणाने ही अडचण सुटते असे वाटत असेल, तर तिथे धागाकर्त्यांनी सांगितलेली रोझेनची अडचण वाट पाहत उभी आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेले ध्वनिमुद्रण तेथील ध्वनिमुद्रणांच्या रॉयल्टीच्या वाटपात धरलेच जाणार नाही. रक्कम तशीही क्षुल्लक होती, हे खरे. पण रांगेच्या शेपटाला काय मिळते याची कल्पना त्यावरून यावी.

शिकवण्याविषयी एक वाक्य लिहितो आणि थांबतो. संगीतात नियमित उत्पन्नाचा सर्वांत भरवशाचा स्रोत अध्यापन हाच आहे, आणि त्याकडे हरलेल्याचा आसरा म्हणून पाहण्याची जी वृत्ती आमच्यातच आहे, तिने अनेकांचे आर्थिक नुकसान केले आहे.

चिकित्सक

एवढा ऊहापोह कशासाठी? ज्याच्यात खरी गुणवत्ता आहे त्याला आज ना उद्या ओळख मिळतेच. न मिळालेल्यांनी दोष बाजाराला देऊ नये.

अर्धपान

@चिकित्सक, हे तपासून पाहण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,००० हून अधिक लोकांना संकेतस्थळावर अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत विभागले होते आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, हे त्यांना दिसत होते. इतरांच्या निवडी दिसू लागताच लोकप्रिय आणि अप्रिय गाण्यांतील अंतर वाढले. आठ गटांत मिळून एकच गाणे सर्वत्र पहिले आले, असेही झाले नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही घडू शकत होते.

याचा अर्थ गुणवत्ता बिनमहत्त्वाची, असा मी काढत नाही. गुणवत्तेमुळे सोडतीत प्रवेश मिळतो, आणि पुढे सुरुवातीच्या लहानशा योगायोगावर बरेच अवलंबून राहते. म्हणूनच, एकाच मोठ्या कृतीवर सर्व साठवण पणाला लावणारा आणि मध्यम खर्चाच्या अनेक कृती बाजारात आणणारा, हे दोघे सारखेच गुणी असले तरी त्यांची जोखीम सारखी नसते.

शाईदौत

मोबदल्याचा आकडा आणि मोबदल्याचे स्वरूप यांतील फरक या चर्चेत यायला हवा, कारण तरुण कलावंत पहिल्याकडे पाहतात आणि फसतात दुसऱ्यापाशी. एकरकमी मानधन घेऊन हक्क देऊन टाकणारा लेखक किंवा चित्रकार आपली जोखीम विकत असतो. कृती पडली तर तोटा घेणाऱ्याचा, गाजली तर नफाही त्याचाच. रॉयल्टी पत्करणारा ती जोखीम स्वतःकडे ठेवतो. यांतील कोणताही पर्याय मुळात मूर्खपणाचा नाही. ज्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे द्यायचे आहे, त्याने एकरकमी पैसे घेण्यात काहीच गैर नाही, मात्र काय विकले हे त्याला माहीत असले पाहिजे. सर्व माध्यमांसाठी, सर्व भाषांसाठी आणि कायमचे हक्क दिले, असे कलम सही करताना कोणाला खुपत नाही, कारण त्या वेळी त्या हक्कांची किंमत शून्य भासते. ती किंमत शून्य असती, तर समोरच्याने ते कलम लिहून घेण्याची तसदी घेतली नसती.

अग्रिम रकमेविषयीही गैरसमज फार आहेत. पुस्तकाच्या व्यवहारात ती पुढील रॉयल्टीतून वळती होते, आणि विक्री कमी झाली तरी सहसा परत द्यावी लागत नाही, म्हणजे तेवढी जोखीम प्रकाशकाने उचललेली असते. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या पारंपरिक करारांत मात्र अग्रिमाबरोबर ध्वनिमुद्रणाचा खर्चही कलावंताच्या वाट्यातून वसूल केला जातो, त्यामुळे अल्बम बऱ्यापैकी विकला जाऊनही कलावंताच्या हाती पुढे काही येत नाही, असे घडते. चित्रदालने विक्रीच्या किमतीतून निम्म्याच्या आसपास दलाली घेतात. त्याबद्दल चित्रकार चरफडतात, पण जागा, प्रसिद्धी आणि ग्राहकांची यादी यांचा खर्च दालनाचाच असतो. मला ती दलाली अन्याय्य वाटत नाही. न विकलेली चित्रे परत केव्हा मिळणार आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे लिहून न घेणे मात्र धोक्याचे वाटते.

कायद्याने काही ठिकाणी कलावंताला मागाहून संधी दिली आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार, १९७८ पासून निर्मात्याने स्वतः दिलेले हक्क साधारणपणे ३५ वर्षांनी परत मागता येतात. मात्र नोकरीचा भाग म्हणून किंवा मालकाच्या नावे निर्माण झालेल्या कामाला ही सोय लागू नाही. चित्र पुन्हा विकले गेल्यावर चित्रकाराला वाटा देण्याचा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला, आणि युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशाने तो सदस्य देशांत आणला. त्यातील दर पहिल्या ५०,००० युरोंपर्यंत साधारणपणे ४ टक्के असून पुढे उतरत जातो, आणि एका विक्रीमागे कमाल १२,५०० युरो मिळतात. या तरतुदीचे मला कौतुक आहे, तरी एक खोच दाखवते: ज्याची चित्रे पुन्हा विकली जातात तो आधीच वरच्या पायरीवर असतो, त्यामुळे खालच्या पायरीवरील चित्रकाराच्या जोखमीला या हक्काचा स्पर्शही होत नाही.

नेपथ्य

जोडव्यवसायावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी रंगमंचाची प्रकाशयोजना करतो आणि फावल्या वेळात लिहितो, किंवा त्याच्या उलट. ते महिन्यागणिक बदलते.

डेव्हिड थ्रॉस्बी या ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञाने कलावंतांच्या श्रमाविषयी एक निरीक्षण मांडले आहे. इतर कामगारांविषयी अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके धरून चालतात की काम हे ओझे आहे, आणि ते पैशासाठी उचलले जाते. कलावंताचे तसे नसते. त्याच्या दुसऱ्या नोकरीतील तासाचा दर वाढला, तर तो त्या नोकरीत अधिक तास घालण्याऐवजी तास कमी करतो, कारण गरजेपुरते पैसे आता लवकर मिळतात आणि उरलेला वेळ कलेला देता येतो. माझ्या ओळखीच्या लोकांना हे तंतोतंत लागू पडते. कलावंताला जास्त पैसे दिले की तो अधिक कला निर्माण करतो, गाडी बदलत नाही. आणि म्हणून त्याची बचतही वाढत नाही.

इतिहासात जोडनोकरीची उदाहरणे भरपूर आहेत, परंतु त्यांतील तपशील पाहण्यासारखे आहेत. कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ या काळात लंडनमधील लॉइड्स बँकेत नोकरीला होता. १९२२ च्या सुमारास त्याच्या मित्रांनी वर्गणी गोळा करून त्याला नोकरीतून सोडवण्याचा घाट घातला, तेव्हा तो आनंदाने उडी मारायला तयार झाला नाही. वर्गणीला हमी नव्हती आणि बँकेच्या पगाराला होती. शेवटी त्याने बँक सोडली ती प्रकाशनसंस्थेतील दुसरी नोकरी मिळाल्यावर. फिलिप ग्लास या संगीतकाराने नळजोडणीची कामे केली आणि टॅक्सी चालवली. १९७६ मध्ये त्याची संगीतिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये खच्चून भरलेल्या प्रेक्षागृहात झाल्यानंतरही त्याला टॅक्सीकडे परतावे लागले, कारण त्या निर्मितीवर कर्ज झाले होते. प्रतिष्ठा आणि पैसा वेगवेगळ्या दारांनी येतात, कधी एकाच वेळी येतही नाहीत.

एलियट आणि ग्लास यांच्या निवडींत मला फरक दिसतो. बँकेतील नोकरी सुरक्षितता देते, पण दिवसाचे सर्वांत ताजे तास घेते. टॅक्सी सुरक्षितता देत नाही, पण दौरा आला की सोडता येते आणि परतल्यावर पुन्हा धरता येते. लेखकाला बहुधा पहिली परवडते, प्रयोग करणाऱ्याला दुसरी. तिसरा मार्ग माझा: ध्वनी, प्रकाश, संकलन, वेशभूषा, छपाई, चौकटी बनवणे अशी कलेच्या शेजारची कसबाची कामे. येथे पगार ठीक असतो, ओळखी त्याच क्षेत्रात होतात आणि रांग लहान असते. धोका एकच, आणि तो खरा आहे: दुसऱ्यांच्या निर्मितीत दिवस इतके भरून जातात की स्वतःचे काम पुढच्या हंगामावर ढकलले जाते.

सहजवाचक

हे सगळे वाचून मला एवढेच कळले की, ज्याच्या घरी पैसा आहे त्याने कला करावी. चुकत असेन तर सांगा.

अर्धपान

@सहजवाचक, फारसे चुकत नाही आहात, आणि म्हणूनच "ती किंमत कोण भरणार" हा प्रश्न मी मुळात घातला होता. ज्याला घरून पाठबळ आहे, तो सोडतीची अनेक तिकिटे घेऊ शकतो. बाकीच्यांना एका तिकिटावर थांबावे लागते. गुणवत्ता सारखी असली तरी निकाल सारखे लागणार नाहीत, आणि पुढे त्या निकालांनाच आपण गुणवत्तेचा पुरावा मानतो.

यावर सार्वजनिक उपाय झालेले आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्र कलावंत आणि लेखकांसाठी सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. आरोग्य, निवृत्तिवेतन आणि शुश्रूषा यांच्या वर्गणीचा निम्मा भाग कलावंत भरतो, आणि उरलेला निम्मा भाग त्यांचे काम वापरणारे व्यवसाय व सरकार मिळून भरतात. नोकरदाराच्या वर्गणीत मालकाचा जो वाटा असतो, त्याची जागा येथे भरून काढली आहे. फ्रान्समध्ये प्रयोग आणि चित्रपटक्षेत्रातील खंडित काम करणाऱ्यांना १२ महिन्यांत ५०७ तासांचे काम दाखवता आले, तर रिकाम्या काळात बेकारीभत्ता मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये सुरू केलेल्या प्रायोगिक योजनेत २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो दिले, आणि पात्र अर्जदारांतून त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून केली. सोडतीची मला सर्वांत जास्त मौज वाटते. कोण अधिक गुणी हे समितीने ठरवायचे टाळले, आणि त्यामुळे निवडलेल्यांची न निवडलेल्यांशी नीट तुलनाही करता आली. भत्ता मिळणाऱ्यांनी कलेला अधिक वेळ दिला, असे त्या तुलनेत दिसले. नेपथ्य यांनी सांगितलेल्या थ्रॉस्बींच्या निरीक्षणाशी ते जुळते.

मृद्गंध

सर्वांचा आदर राखून वेगळा सूर लावते. तुम्ही मोबदल्यात फक्त रोकड धरत आहात. जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीतील आकड्यांवरून झालेल्या संशोधनात कलावंत इतरांपेक्षा आपल्या कामाविषयी अधिक समाधानी असल्याचे आढळले आहे. कामाचे वैविध्य आणि स्वायत्तता ही त्याची कारणे सांगितली गेली. कमी पगाराच्या बदल्यात माणूस जर हे विकत घेत असेल, तर त्याला तोट्यातला व्यवहार म्हणणे बरोबर नाही.

शाईदौत

@मृद्गंध, मान्य. पण हे समाधान तुमच्याआधी तुमच्या गिऱ्हाइकाने हिशेबात धरलेले असते. "तुम्हाला तर हे आवडतेच", "पैसे नाहीत, पण नाव होईल" ही वाक्ये त्याच हिशेबातून येतात, आणि फुकट काम करायला तयार असलेले लोक रांगेत उभे असल्याने दर खाली राहतो. ज्याला समाधानावर जगता येते तो दर पाडतो. ज्याला येत नाही तो बाहेर फेकला जातो. त्यात आता मजकुरावरून चित्र तयार करणारी साधने आल्यापासून, फारशी प्रतिष्ठा नसलेली पण भाडे भागवणारी मधली कामे, म्हणजे माहितीपत्रके, मुखपृष्ठे, किरकोळ सजावट, हीच आधी धोक्यात आली आहेत, असे माझे मत आहे. शिकाऊ चित्रकाराचा हात त्याच कामांवर बसत असे, हा तोटा रोकडीच्या पलीकडचा आहे.

उंबरठा

सर्वांचे आभार. माझे दोन प्रश्न आहेत. कलाशिक्षणासाठी कर्ज काढावे का? आणि प्रयत्न थांबवण्याची वेळ आली, हे ओळखायचे कसे?

जमाखर्च

@उंबरठा, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" असेच असते. हप्ता दरमहा ठरलेला असतो आणि कलेचे उत्पन्न कधीच तसे नसते, त्यामुळे त्या दोघांची सांगड बसत नाही. शिवाय हप्त्यामुळे मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते, म्हणजे ज्या प्रयत्नासाठी कर्ज काढले त्याचीच वर्षे कर्ज खाऊन टाकते. शिष्यवृत्ती, अर्धवेळ अभ्यासक्रम किंवा एखाद्या जाणत्या कलावंताकडे मदतनीस म्हणून राहणे, हे मार्ग आधी संपवावेत. अपवाद तेव्हाच, जेव्हा त्या पदवीमुळे अध्यापनाची पात्रता मिळत असते आणि हप्ता त्या पगारातून सहज निघणार असतो.

मध्यलय

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, कारण आमच्या क्षेत्रात अपयश स्वच्छ शब्दांत कधीच कळवले जात नाही. नकाराची पत्रेही उत्तेजनार्थ भाषेत लिहिलेली असतात, आणि अधूनमधून मिळणारे लहान पारितोषिक आणखी दोन वर्षे ढकलायला पुरते. ओळखीच्यांचे कौतुक मी गणतीत धरत नाही. अनोळखी माणसे पैसे देतात का, दिलेली माणसे पुन्हा येतात का, आणि सर्व तास धरून पडणारा दर मागच्या वर्षीपेक्षा वाढला का, एवढे तीन आकडे मी विद्यार्थ्यांना लिहून ठेवायला सांगतो. सगळे खाली जात असतील आणि आधी स्वतःच ठरवलेली रक्कम संपली असेल, तर पूर्णवेळ प्रयत्न थांबवावा. कला थांबवावी असे मी म्हणत नाही. उत्पन्नाचा भार तिच्यावरून उतरवावा. मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण नंतर ठरवायला बसलो की घातलेल्या वर्षांचा मोह सुटत नाही.

उंबरठा

मला एका जाहिरात संस्थेत लेखनाची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. रात्री स्वतःच्या कथा लिहीन, असा बेत आहे. त्यात काही अडचण?

शाईदौत

नेमणुकीच्या कागदात "नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती संस्थेच्या मालकीची" अशा आशयाचे कलम आहे का, ते सही करण्याआधी पाहा. अनेकदा ते इतके सैल लिहिलेले असते की घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या यंत्रावर लिहिलेल्या कथाही त्यात ओढता येतील. कामाच्या वेळेबाहेर आणि संस्थेच्या कामाशी संबंध नसलेले लेखन वगळले आहे, एवढे एक वाक्य त्यात घालून मागा. तोंडी आश्वासन पुरेसे मानू नका. वाक्य घालायला नकार मिळाला, तर निदान ईमेलवर खुलासा मागवा आणि तो जपून ठेवा. आधी लिहून झालेल्या कथांची तारखांसह यादीही त्याच ईमेलला जोडा.